विनीतच्या कार्डावर

कुडाळ, ३ ऑक्टोबर २०२४

श्री. विनीत कुबल,
मु. तोंडवली, ता. मालवण

नमस्कार.

जुलैमध्ये, मासेमारी बंद होती तेव्हा, तुम्ही आमच्या मंडळाच्या वाचनालयातून इजिप्तच्या ममींवरचं निळ्या बांधणीचं पुस्तक नेलंत. ते अजून परत आलेलं नाही. आपल्याकडे दंडाची पद्धत नाही. पण इजिप्तच्या कपाटातली सगळी पुस्तकं मंडळाच्या जुन्या अध्यक्षांनी, म्हणजे आपल्या दातांच्या डॉक्टरांनी, तिकडे जाऊन आल्यावर स्वतः मराठीत उतरवून बांधून घेतली होती. प्रत्येकाची एकच प्रत आहे, म्हणून जीव अडकतो.

त्या कपाटाला सध्या तुम्हीच एक वाचक आहात. मागच्या खेपेला तुम्ही विचारलं होतं, "राजांचं कळलं, त्यांच्या खलाशांचं काय व्हायचं?" त्याचं थोडं उत्तर देणारं एक पुस्तक मी काढून ठेवलं आहे. या आणि घेऊन जा.

तुमचा फोन लागत नाही. तुमच्या शेजारच्या यशोदाबाई इथल्या आठवडी बाजारात सुकी मासळी घेऊन बसतात, त्यांच्या पिशवीत ही चिठ्ठी देत आहे.

सनोबर मुकादम
ग्रंथपाल, इतिहास मित्रमंडळ


तोंडवली, १० ऑक्टोबर

बाईंना,

मी विनीतची आई नर्मदा. चौथी शिकलेली आहे. अक्षर वाकडं आहे, लावून वाचा.

विनीतचा फोन लागणार नाही. तो त्याच्या खिशात होता. नारळी पौर्णिमेनंतर आठ-दहा दिवसांनी बोट गेली. तिघे होते. बोट उलटी मिळाली, सुकाणूवरचा तांडेल मिळाला, दुसरा खलाशी गुरुप्रसाद मिळाला. माझा मिळाला नाही. पेपरात आलं होतं. तुम्ही वाचलं नाही वाटतं, पुस्तकंच वाचत बसता.

चिठ्ठी घेऊन यशोदा आली ती दारातच रडायला लागली, त्याच्या नावाची चिठ्ठी आली म्हणून. मी म्हटलं, "रडतंस कित्याक गो? तेचीच पुस्तका, तेच्याच नावान येतली. तुझ्या घोवाच्या नावान येतली?" 

घरात आता कोणी त्याचं नाव घेत नाही. "तो" म्हणतात. "तेच्या वेळेक" म्हणतात. तुम्ही पूर्ण नाव लिहिलंत, वर श्री. लिहिलंत. त्याला जन्मात कोणी श्री. लिहिलं नव्हतं. चिठ्ठी मी ठेवली आहे.

पुस्तक आताच देणार नाही. मी वाचतेय. दिवसाला एक पान होतं, कधी अर्धं. खलाशांचं आहे म्हणता ते पण यशोदेकडे द्या. त्याने विचारलं होतं तर उत्तर कोणीतरी वाचायला हवं.

त्याचं कार्ड बंद करायचं नाही. त्याच्याच नावावर पुस्तकं लिहा.

आणि यशोदेकडून नंबर घेऊन मला फोन करू नका. माझा फोन मी मोकळा ठेवते. माणूस दुसऱ्या कोणाच्या फोनवरूनसुद्धा फोन करतो.

नर्मदा कुबल


कुडाळ, १७ ऑक्टोबर

नर्मदाताई,

 बातमी मी वाचली होती. नावं वाचली नव्हती. माझा भाऊ समद आचऱ्याहून बोट घेऊन जातो, त्या आठवड्यात तोही शोधायला गेला होता. घरी येऊन "तिसरा मिळाला नाही" एवढंच म्हणाला होता. तो तिसरा आमचा विनीत, हे मला तुमच्या पत्राने कळलं. माफ करा.

कार्ड बंद होणार नाही. निळं पुस्तक सावकाश वाचा.

खलाशांचं आणि मजुरांचं पुस्तक पाठवत आहे. एका पानात दोरा घातला आहे. नाईल नदीत बुडून मेलेल्या माणसाला ते लोक साधा मेलेला समजत नसत. तो देवाचा माणूस, त्याला नातेवाइकांनीही शिवायचं नाही, फक्त पुजाऱ्यांनी शिवायचं आणि मानाने पुरायचं. माझे वडील हसन हे ऐकून म्हणाले, आपल्यातही बुडून गेलेल्याचा दर्जा मोठा. तुम्हाला बरं वाटेल म्हणून लिहिलं.

सनोबर


तोंडवली, १४ नोव्हेंबर

सनोबरबाई,

दोरा घातलेलं पान आधी वाचलं. झाला देवमाणूस. मग काय? जेवायला येणार आहे? आणि एक तुमच्या लक्षात आलं नाही. पुजाऱ्यांनी शिवायचं म्हणजे शिवायला अंग मिळालेलं आहे. मिळालंच नाही त्याचं काय, ते त्या पानावर नाही. मागचं-पुढचं पण बघितलं.

निळं पुस्तक संपलं. पोट डाव्या अंगाला चिरायचं, आतलं काढायचं, मिठात ठेवायचं, पाणी सुटेल तसं मीठ बदलायचं, सुकलं की पुसून तेल लावायचं. लग्न होऊन आले तेव्हा सासूने मला पहिलं हेच शिकवलं, सुरमईवर. विनीत मांगरात, मासळीच्या खोपीत, येऊन म्हणायचा, "आये, ते लोक राजाक करीत ता तू सुरमयेक करतंस." मी म्हणायची, "मगे माझ्या सुरमयेक पिरामिड बांध." मला वाटायचं चेष्टा करतो मेला. पुस्तकात तसंच आहे.

मासळी मी आता खात नाही. विकते, कारण दुसरं काही येत नाही. चिरायला घेतली की पोटाशी हात थांबतो. आत काय निघेल म्हणून.

आता घरचं सांगते, कोणाला तरी सांगायलाच हवं. नवरा जाऊन माझे बारा-तेरा पावसाळे झाले. दीर बाबली शेजारी राहतो, अंगण एक. त्याची मुलगी भक्ती आणि विनीत एका ताटात जेवून मोठे झाले. भक्तीचं लग्न ठरलंय. मुलगा जहाजावर असतो, मार्चला सुट्टीवर येईल. आणि आमच्यात भाऊकीतला माणूस गेला आणि त्याचं कार्य झालं नाही, तर मांडव घालत नाहीत. अंग मिळालं नाही तर दर्भाचा पुतळा करायचा, नारळाचं डोकं, तो जाळायचा आणि पुढचे दिवस करायचे. बाबली रोज संध्याकाळी येऊन ओसरीवर बसतो.

"वयनी, पोरग्याक गती नको?"

"तो गेलो ह्या तुका कोणी सांगला?"

"एवढे दिवस झाले, वयनी."

"तुझो बापूस मुंबयक गेल्लो तो सात वर्षांनी इलो. तेचो पुतळो जाळलेलास?"

उठून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. तो वाईट नाही. पण गवत पेटवायचं आणि ह्याला विनीत म्हणायचं, हे मला जमणार नाही. भक्ती काही बोलत नाही. येते, अंगण झाडते, जाते. तिचं न बोलणं मला जास्त लागतं.

ज्याचं अंग मिळालं नाही त्याचं ते लोक काय करायचे, असं पुस्तक असलं तर पाठवा. नसलं तर नाही म्हणा, उगाच दुसरं देऊ नका.

नर्मदा


कुडाळ, २१ नोव्हेंबर

नर्मदाताई,

तुम्ही विचारता तसं अख्खं पुस्तक नाही. पण देवांच्या गोष्टींचं एक आहे, त्यात एका बायकोने नवऱ्याचं अंग कसं शोधलं ते आहे. पाठवत आहे.

मधली काही पानं दमट हवेने एकमेकांना चिकटली आहेत. ओढू नका, फाटतील. त्यात विशेष काही नाही.

पुतळ्याबद्दल मी काय बोलू? आमच्यात माणूस समोर नसला तरी त्याच्यासाठी नमाज पढतात. वडील म्हणतात, ते मागे राहिलेल्यांसाठीही असतं. तुमचं मन होईल तेच करा.

सनोबर


तोंडवली, २८ नोव्हेंबर

सनोबर,

बाई लिहीत नाही. राग आलाय.

पानं दमट हवेने चिकटलेली नाहीत. गोंद आहे, आणि ताजा आहे. मी काय हवा ओळखत नाही? जन्म गेला दर्याकाठी. पेजेच्या तपेल्यावर वाफेला धरली, सुटली. एक पान फाटलेलं नाही.

काय लपवलंस? त्या ओसायरिसला त्याच्या भावाने मारला, तुकडे केले आणि पाण्यात टाकले. त्याची बायको आयसिस होडी घेऊन हिंडली आणि एकेक तुकडा वेचला. एक मिळाला नाही. तो माशाने खाल्ला. कुठला तुकडा ते तू वाचलंच असशील. मी इथे लिहीत नाही, यशोदा पिशवीत डोकावते.

मासा खातो हे मला कळू नये म्हणून गोंद लावलास? अगो, मी मासे चिरते. दर्यात पडलेल्या ढोराचं काय होतं ते मी बघितलंय. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून तर माझ्या दारात येऊन सगळे भाजीपाल्यावर बोलतात. तू पण त्यांच्यातलीच झालीस.

जे मला माहीत नव्हतं ते खालच्या ओळीत होतं आणि तुझ्या गोंदाने ते पण गेलं असतं. जो तुकडा मिळाला नाही तो त्या बाईने स्वतः बनवला. बनवून जागेवर लावला आणि मग सगळं कापडात बांधलं. ती तर देवी होती. तिला पण पुरता नवरा मिळाला नाही. पण जेवढं नाही तेवढं हाताने करून तिने काम पुरं केलं.

काल बाबली आला तेव्हा सांगितलं, जाळ तुझा पुतळा. भक्तीचं लग्न माझ्यासाठी अडायला नको. पण पुतळा भटजी करणार नाही. मी करणार.

परत पानं चिकटवू नको.

नर्मदा


कुडाळ, ५ डिसेंबर

काकी,

चुकले. तुम्हाला वाचवायला गेले, आणि खरं तर मलाच ते पान तुमच्या हातात द्यायची भीती वाटत होती. यापुढे तुमच्यापासून काही चिकटवून ठेवणार नाही.

पुतळ्याच्या दिवशी मी यावं असं वाटलं तर कळवा.

सनोबर


तोंडवली, २६ डिसेंबर

सनोबर,

तुला बोलावलं नाही, कारण मला कोणी नको होतं. झालं सगळं. सांगते.

भटजी हातभर दर्भाची बाहुली करणार होता. मी म्हटलं, "माझो झील पुरो पुरुष होतो. तान्हो नाय." त्याची पँट दोरीवर टाकली आणि तिच्या मापाने पाय केले. खांदे त्याच्या शर्टाच्या मापाने. उजवा जरा उतरता, जाळं ओढून उतरला होता. दर्भ बांधायला त्याच्याच जाळ्याचा दोरा. भटजी म्हणाला नायलॉन चालत नाही. म्हटलं, ज्याने पोट भरलं ते चालतं. वर त्याचा चौकड्याचा शर्ट घातला. भटजी म्हणाला, कपड्याची गरज नाही. म्हटलं, "गावासमोर उघडो पाठवू?" मग बिचारा मंत्रच म्हणत राहिला.

कागदावर विनीत सहदेव कुबल असं लिहिलं आणि छातीत घातलं. तुमच्या पुस्तकात आहे, नाव नसलं तर पलीकडे कोणी ओळखत नाही.

आमच्यात बायका मसणवटीत जात नाहीत. मी गेले. मागून यशोदा पण आली. कोणी अडवलं नाही. बाबलीने आग दिली. नवऱ्याला जळायला अर्धा दिवस लागला होता. हा यशोदेने पदराने नाक पुसेपर्यंत संपला. दर्भच तो. राहिलं ते नारळाचं काळं डोकं.

वाटलं होतं, काम पुरं केलं की आत काहीतरी बसेल. बसलं नाही.

भक्तीच्या सासरची माणसं परवा येऊन गेली. त्यांनी दोनदा विचारलं, "पुतळो जाळलात, आणि झील परत इलो तर?" बाबली म्हणाला, येवचो नाय. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं मला माहीत नाही. फोन मी अजून मोकळाच ठेवते. हे बाबलीला कळायला नको.

देवांचं पुस्तक अजून राहू दे माझ्याकडे.

नर्मदा


कुडाळ, २३ जानेवारी २०२५

काकी,

हे पत्र तुम्ही एकटीनेच वाचा. यशोदाबाईंना काही सांगितलेलं नाही.

फोन हातात घेतला होता. पण तो तुम्ही कोणासाठी मोकळा ठेवता ते आठवलं. तुम्ही कसल्या आशेने उचलाल, आणि पलीकडून मी हे सांगायचं, ते मला जमलं नाही.

काल समदच्या जाळ्यात एक गमबूट आला. डाव्या पायाचा. आत पाय आहे.

मला हे दुसऱ्या कुठल्या शब्दांत लिहिता येत नाही. खलाशी म्हणाले परत टाक. असं काही किनाऱ्यावर आणलं की चौकशी लागते, ऐन हंगामात बोट बांधून राहते. समद म्हणतो, बहुतेक जण टाकतातच आणि घरी येऊन कोणाला सांगत नाहीत. त्याने टाकला नाही. खलाशांशी भांडून बर्फात घालून आणला. म्हणाला, "ऑगस्टात मी हेकाच शोधीत होतंय, आता गावलो तर टाकू?"

पण तो विनीतचाच कशावरून? त्या पट्ट्यात आणखीही माणसं गेलेली आहेत. बुटाला घोट्याजवळ एक ठिगळ आहे. कसलं आहे ते मी मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही सांगा.

सनोबर


तोंडवली, २४ जानेवारी
(सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे)

सनोबर,

सायकलच्या ट्यूबचं. लाल ट्यूब, भक्तीच्या जुन्या सायकलची. नुसतं चिकटत नव्हतं म्हणून कडेने जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने टाके घातलेत. शेवटचा टाका वाकडा आहे. तो घाई करत होता, "आये पुरे, बोट सुटतली."

असं असलं तर समदला सांग घेऊन ये. दुसरं काही असलं तर ज्याचं असेल त्याच्या आईला शोधा, तिला सांगा.

समदचं नाव कुठे येणार नाही. लागलं तर मी पोलिसात जाईन आणि मला किनाऱ्यावर मिळालं म्हणून सांगेन.

नर्मदा


कुडाळ, १३ फेब्रुवारी

काकी,

ठिगळ लाल निघालं म्हणून समदला त्याच दिवशी पाठवला. तो परत आला. एवढंच म्हणाला, "चाय दिल्यानी. खोको उघडून बघल्यानी. माका म्हणाली, जेवन जा."

त्यानंतर तुमची ओळ नाही. यशोदाबाई नुसतं "बरी आसा" म्हणतात. अंत्यविधी झाला का? पुतळ्यानंतर पुन्हा करावा लागतो का? आणि भक्तीचं लग्न? मला काही माहीत नाही आणि विचारायला दुसरं कोणी नाही. पोलीस आले तर समद उभा राहायला तयार आहे. त्याची काळजी करू नका.

एक ओळ लिहा.

सनोबर


फोंडाघाट, २० मार्च

सनोबर गो,

मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं असतं तर चिठ्ठी कोणाच्या तरी हाताला लागली असती. आता लिहिते. सगळं झालं.

समदने खोका ओसरीवर ठेवला तेव्हा बाबली होता. त्याने बूट बघितला. रडला खूप. विनीतला पोहायला त्याने शिकवलं होतं. मग डोळे पुसले आणि म्हणाला,

"वयनी, ह्या परत सोडूया. नारळ देवया, गाराणा घालूया, आणि सोडूया."

"दर्यान एकदा नेल्यान. आता तू आपल्या हातान दितंस?"

"भक्तीचा लगीन मोडतला गो. पुतळो जाळून झालो, आता पाय इलो. ते लोक म्हणतले, हेंच्या घरात माणूस दोनदा मरता."

खोटं बोलत नव्हता. सुतक दहा दिवसांनी निघालं असतं. त्या लोकांच्या मनातलं निघालं नसतं. आधीच दोनदा विचारून गेलेले. आणि मुलगा एकदा जहाजावर गेला की वर्षाने येणार.

मी म्हटलं, "लगीन होतला. आणि पाय खंय जावचो नाय. तू मांडवाचा बघ."

"खंय ठेवतलंस?"

"ता माझा काम."

दुसऱ्या दिवशी सगळे बस्ता काढायला कणकवलीला गेले. मी मांगरात गेले आणि दार लावून घेतलं. बूट कापला. पुढचं तुला निळ्या पुस्तकात मिळेल. सासूने शिकवलेलं आणि पुस्तकातलं, दोन्ही केलं. मासळीच्या पोटाशी माझा हात थांबायचा, इथे थांबला नाही. अंगठ्याचं नख लहानपणी दारात चेंगरून दुभंगलं होतं. ते तसंच होतं. लाल ठिगळावर माझा विश्वास होताच, पण नख बघितलं आणि मग खाली बसले.

नवं मीठ आणलं, जाडं. पाणी सुटेल तसं बदललं. सुकला तेव्हा खोबरेल लावलं. मांडवाला आणलेल्या पांढऱ्या कापडाची पट्टी फाडून गुंडाळला, नाव लिहून आत घातलं आणि पिंपात ठेवला. सुक्या मासळीच्या मांगरात एका पिंपाकडे कोण बघतो? बाबलीने बघितलं नाही. मांगराच्या दारावरून जाताना मान वळवायचा.

बसल्या बसल्या हिशेब सुचायचा. पुतळ्याला मी दोन पाय केले होते, म्हणजे एक जास्तीचा जळला. त्या बाईला एक सोडून सगळे तुकडे मिळाले. मला सगळे सोडून एक मिळाला.

लग्न दोन मार्चला झालं, चांगलं झालं. विधवेला कोणी पुढे बसवत नाही, त्यामुळे मी मागे होते ते कोणाला खुपलं नाही. अक्षता पडल्या, जेवणं झाली, निघायची वेळ झाली. भक्ती सगळ्यांच्या पाया पडली आणि माझ्याकडे न येता सरळ मांगरात गेली, शालूसकट. मी मागून धावले. कुलपाची किल्ली मी वळचणीला खोचते, ती तिने काढली होती. ती पिंपासमोर उभी होती. मुठीत अक्षता होत्या, घामाने चिकटलेल्या. त्या तिने झाकणावर ठेवल्या.

मी म्हटलं, "तुका कोणी सांगला?"

"कोणी नाय. बाबा ओसरीर रडत होते, ता ऐकलंय. तू मांगराक कुलूप कधी घातलंस गो काकी? जन्मात नाय घातलंस."

"मगे बोललंस नाय ता?"

"बोललंय असतंय तर लगीन मोडला असता. आणि तू माका मारलं असतंस."

मारलीच असती. शालूला मीठ लागलं होतं, ते झटकलं आणि तिला गाडीत बसवली.

ती पहिल्या माहेरपणाला येऊन परत गेली, शिमगा झाला, मग मी निघाले. फोंडाघाट माझं माहेर. बाप सुकी मासळी विकायला घाटाखाली आला आणि इथेच राहिला. भाऊ बाळा इथे असतो. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसले. शेजारची बाई म्हणाली, "खारो बांगडो काय गो? वास बरो येता." मी हो म्हटलं.

बाळाला सगळं सांगितलं. तो उठून लाकडं आणायला गेला. इथल्या मसणवटीत मी स्वतः अग्नी दिला. यावेळी वेळ लागला, गो. तेवढासा होता, तरी वेळ लागला. माणूस जळायला वेळ लागतो. मी शेवटपर्यंत बसले.

आमच्याकडे अस्थी दर्यात सोडतात. मी सोडल्या नाहीत. दर्याने त्याचा वाटा घेतलाय, हा माझा वाटा. बाळाच्या परसात काजूखाली पुरल्या. कोरडी जमीन आहे, आणि इथे दर्याची गाज ऐकू येत नाही. विनीतला ती रोज ऐकून कंटाळा आला होता, असं मी धरून चालते.

गावी गेले की मालवणला पोलिसात जाऊन सांगणार आहे. समद त्यात नाही. त्याला सांग, जेवायला परत ये. मासळी मी करणार नाही, उसळ करीन.

तिन्ही पुस्तकं बाळाबरोबर पाठवतेय, तो उद्या कुडाळला येतो. सुटलेली पानं परत चिकटवू नको, पुढच्या माणसाला वाचू दे. निळ्या पुस्तकाच्या कडेला मिठाचा डाग पडलाय. तो निघणार नाही.

विनीतचं कार्ड बंद कर. माझ्या नावावर करू नको. मला इजिप्त पुरे झालं.

आणि आता चिठ्ठ्या लिहीत बसू नको, माझे डोळे दुखतात. फोन कर. कधीही कर. तो आता मी कोणासाठी मोकळा ठेवत नाही.

नर्मदा